झोपेच्या गोळ्यांची तुलना : अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, मेलाटोनिन की ट्रॅझोडोन?

प्रश्न : सुदामानगरच्या बाई, इंदूर

नमस्कार मंडळी. माझे वय ६३ असून मी निवृत्त शिक्षिका आहे. चार वर्षांपूर्वी यजमानांची बायपास शस्त्रक्रिया झाली, त्या काळात तीन आठवडे रुग्णालयातील बाकावर रात्री काढल्या आणि तेव्हा बिघडलेली झोप पुढे सुधारलीच नाही. त्या वेळी एका डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅमची गोळी ‘आठ-दहा दिवस घ्या’ म्हणून लिहून दिली होती. ते आठ-दहा दिवस अजून संपलेले नाहीत आणि गोळी मात्र ०.५ ची झाली आहे.

रात्री साडेनऊला गोळी घेऊन मी अंथरुणावर पडते. दहाच्या सुमारास झोप लागते, दोन-सव्वादोनला लघवीसाठी जाग येते आणि त्यानंतर भिंतीवरच्या घड्याळाचे टोले मोजत पहाट होते. पाचनंतर थोडा डोळा लागतो. साडेसहाला उठते तेव्हा डोके जड असते. गेल्या काही महिन्यांत आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या रामरक्षेतली ओळ मध्येच सुटते आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी अल्प्राझोलामच्या जागी झोल्पिडेम ५ मिलिग्रॅम सुचवली आहे. बडोद्याची माझी बहीण मेलाटोनिन घेते आणि तिच्या मते त्यात धोका असा काहीच नाही. पुण्याचा भाचा ट्रॅझोडोनचे नाव सांगतो. या चार औषधांत नेमका फरक काय, माझ्या वयाला त्यांतले कोणते सोसेल आणि आताची गोळी एकदम सोडून दुसरी सुरू करता येते का, हे जाणकारांनी समजावून सांगावे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी मी रात्री जेवणानंतर घेते. गुडघा फारच दुखला तर महिन्यातून चार-पाच वेळा ट्रॅमाडोल-पॅरासिटामॉलची गोळी घेते. डॉक्टरांकडे पुन्हा जाणारच आहे, परंतु त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारावे हेच सुचत नाही.

उत्तर : औषधांच्या काउंटरवरून

बाई, मी डॉक्टर नव्हे. बत्तीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा राहिलेला माणूस आहे, त्यामुळे तेवढ्यापुरतेच बोलतो.

अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही तिन्ही औषधे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. ती विकताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या यांची वेगळ्या नोंदवहीत नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. तरीही घडी पडून पडून फाटलेली जुनी चिठ्ठी पुढे करून ‘तीच द्या, वर्षानुवर्षे चालू आहे’ असे म्हणणारी मंडळी रोज येतात. औषध नाकारले की आम्हीच वाईट ठरतो.

मला सांगायचे आहे ते स्ट्रिपच्या मागच्या बारीक अक्षरांविषयी. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. एक गृहस्थ एका डॉक्टरांनी दिलेली ‘झोपेची’ आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली ‘घबराटीची’ अशा दोन गोळ्या कित्येक महिने रोज रात्री घेत होते. दोन्ही स्ट्रिपा काउंटरवर शेजारी ठेवून उलट्या केल्या तेव्हा दोन्हींवर अल्प्राझोलामच लिहिलेले निघाले. नवी गोळी घरात आणली की जुनीच्या शेजारी ठेवून मूळ औषधाचे नाव वाचावे, अक्षर दिसत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावे. आणि नावापुढे ‘एसआर’ असेल तर ती गोळी सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती मोडून किंवा कुटून घेऊ नये, कारण मग रात्रभराचे औषध एकदम अंगात उतरते.

उत्तर : एमडी मेडिसिन, जुनी इंदूर

बाईंनी आपली रात्र आणि आपल्या सगळ्या गोळ्या इतक्या नीट लिहिल्या आहेत की तुलनेकडे वळण्यापूर्वी त्यांतील दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट रक्तदाबाच्या गोळीची. तिच्यातील हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध आहे. घेतल्यानंतर साधारण दोन तासांत त्याचा परिणाम सुरू होतो, चार तासांच्या सुमारास तो सर्वाधिक असतो आणि सहा ते बारा तास टिकतो. रात्री नऊला ही गोळी घेणाऱ्या व्यक्तीला दोन वाजता लघवीसाठी उठावे लागले तर त्यात आश्चर्य नाही. ही गोळी सकाळी घेता येईल का, हा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट ट्रॅमाडोलची. ते अफूवर्गीय वेदनाशामक आहे आणि बेन्झोडायझेपिन या शामक गोळ्यांच्या गटातल्या अल्प्राझोलामच्या जोडीला घेतल्यास श्वसन मंदावू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१६ मध्ये या जोडीबद्दल सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला. महिन्यातून चार-पाच वेळा म्हणजे किरकोळ, असे समजू नये. गुडघ्यासाठी दुसरा उपाय मागून घ्यावा. आपण घोरता का आणि झोपेत श्वास अडखळतो का, हेही यजमानांना विचारून ठेवावे, कारण निद्राश्वसनरोध असेल तर या गोळ्या तो वाढवतात.

आता तुलना. झोपेच्या औषधांचा विचार करताना मी रुग्णाला रात्रीचे दोन भाग कल्पायला सांगतो : झोप लागेपर्यंतचा आणि झोप टिकण्याचा. मग औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, त्या रात्रीवर ठेवून पाहायचे. झोल्पिडेमचे अर्धायुष्य सुमारे अडीच तास आहे. साहजिकच ते झोप आणण्याच्या कामाचे आहे आणि पहाटेपर्यंत त्याचा जोर उरत नाही. आपल्याला झोप दहालाच लागते, बिघाड आहे तो दोननंतर. ज्या दाराला कडी नीट बसते त्यालाच आणखी एक कडी लावण्यासारखे हे होईल. एस्झोपिक्लोन याच गटातले असून त्याचे अर्धायुष्य सुमारे सहा तासांचे आहे, म्हणून ते झोप टिकवण्यासाठीही वापरतात. सकाळी तोंडात राहणारी कडू, धातूसारखी चव ही त्याची नेहमीची तक्रार.

अल्प्राझोलामचे अर्धायुष्य तरुणांत अकरा तासांच्या आसपास असते आणि उतारवयात ते सोळा तासांपर्यंत लांबते. म्हणजे साडेनऊची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीही निम्म्याने अंगात असू शकते. सकाळचे जडपण त्यातूनच येत असावे. रामरक्षेची ओळ सुटण्यामागेही ही गोळी असण्याची शक्यता आहे, कारण स्मरणावर परिणाम होणे हे या संपूर्ण गटाचे वैशिष्ट्य आहे. याच गटातल्या क्लोनाझेपामचे अर्धायुष्य तर तीस-चाळीस तासांचे. ते रोज घेतले तर कालचे संपायच्या आत आजचे येऊन पडते.

मेलाटोनिन हे मेंदूतील पिनियल ग्रंथीत तयार होणारे संप्रेरक आहे आणि अंधार पडला, रात्र झाली, एवढा निरोप ते शरीराला देते. सवय न लावणारे म्हणून बहिणीचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे, परंतु परिणामही तसाच सौम्य. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशोब २०१३ मध्ये मांडला गेला, त्यात मेलाटोनिनमुळे झोप सरासरी सात मिनिटे लवकर लागल्याचे आढळले. प्रवासाने किंवा रात्रपाळीने वेळापत्रक उलटेपालटे झाले असेल तर त्याचा उपयोग अधिक होतो. युरोपात ५५ वर्षांवरील रुग्णांसाठी सावकाश विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी मान्य आहे, आणि नेहमीच्या गोळीपेक्षा तसा प्रकार आपल्यासारख्यांना थोडा बरा.

ट्रॅझोडोन मूळचे नैराश्यावरील औषध असून कमी मात्रेत त्याने गुंगी येते. अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत निद्रानाशासाठी ट्रॅझोडोन, मेलाटोनिन आणि डायफेनहायड्रामीन वापरू नये असे सुचवले, जरी त्या सूचनांमागचा पुरावा दुबळा असल्याचेही त्यांनीच नोंदवले. आपल्या बाबतीत माझी खरी हरकत वेगळी आहे. ट्रॅझोडोनने उभे राहताच रक्तदाब घसरू शकतो, आपण रक्तदाबाची गोळी घेता आणि रात्री अंधारात उठता. झोप टिकवण्यासाठी ३ ते ६ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत डॉक्सेपिनही वापरले जाते, त्याचा परिणाम रात्रीच्या उत्तरार्धात अधिक दिसतो.

एक निराळा गट ओरेक्सिनरोधकांचा आहे. ओरेक्सिन हे जागे ठेवणारे रसायन १९९८ मध्ये सापडले. त्याला अडवणारी सुव्होरेक्संट, लेम्बोरेक्संट आणि डॅरिडोरेक्संट ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०१४, २०१९ आणि २०२२ मध्ये मंजूर झाली. बाकीची औषधे मेंदूचा ब्रेक दाबतात, ही पायाखालचा ॲक्सिलरेटर सैल करतात असे म्हणता येईल. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने १५४ चाचण्या आणि ४४,०८९ रुग्णांचा तौलनिक अभ्यास छापला, त्यात एस्झोपिक्लोन आणि लेम्बोरेक्संट एकंदरीत वरचढ ठरली. मात्र त्याच लेखकांनी एस्झोपिक्लोनचे दुष्परिणाम बरेच असू शकतात आणि लेम्बोरेक्संटच्या सुरक्षिततेची माहिती पुरेशी नाही, अशी पुस्तीही जोडली आहे. त्यामुळे पहिला नंबर कोणाचा, या प्रश्नाचे सरळ उत्तर तिथेही मिळत नाही.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे. चार वर्षे चाललेली अल्प्राझोलाम एकदम बंद करू नये. अस्वस्थता, थरथर, पूर्वीपेक्षाही वाईट निद्रानाश आणि क्वचित फेफरे येण्यापर्यंत त्याचे परिणाम जातात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते.

उत्तर : रामबागेतला शेजारी

इतकी रसायने पोटात घालण्यापेक्षा कोमट दुधात जायफळ उगाळून घ्यावे. आमच्या आजीने दुसरे काही केले नाही आणि ती नव्वदीपर्यंत गाढ झोपली.

उत्तर : एमडी मेडिसिन, जुनी इंदूर

चिमूटभर जायफळाला कोणाची ना नाही. परंतु झोप येईना म्हणून मात्रा वाढवत चमचाभर जायफळ घेतले तर भ्रम, धडधड आणि उलट्या होतात, तेव्हा आजींचे माप लक्षात ठेवावे. रात्री अकरानंतर सराफ्यात रबडी खाऊन घरी येणाऱ्या आमच्या गावाला मी आधी जेवणाची वेळ विचारतो, जायफळाचे नंतर पाहू.

उत्तर : लोकमान्यनगरचा मुलगा

झोल्पिडेमबद्दल घरचा अनुभव लिहितो. माझ्या आईला, वय ७१, एका ठिकाणी १० मिलिग्रॅमची गोळी मिळाली. पहिल्या दोन रात्री तिला उत्तम झोप लागली आणि आम्ही खूश झालो. तिसऱ्या रात्री एकच्या सुमारास स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर ओट्याशी उभी राहून ती रिकाम्या पातेल्यात चमचा फिरवत होती. डोळे उघडे, हाक मारल्यावर ‘चहा टाकलाय’ असे उत्तरही दिले. गॅस पेटलेला नव्हता, हे आमचे नशीब. धरून आणताना ती उंबऱ्याशी अडखळली आणि मनगट मोडले. सकाळी तिला यातले काहीही आठवत नव्हते.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले की एफडीएने २०१३ मध्येच स्त्रियांसाठी झोल्पिडेमची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली होती, कारण स्त्रियांच्या शरीरातून हे औषध अधिक सावकाश बाहेर पडते आणि सकाळीही त्याचा अंमल राहू शकतो. वृद्धांसाठी तर ५ हीच मात्रा सांगितलेली आहे. झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, वाहन चालवणे यांबद्दलचा कडक इशारा २०१९ मध्ये आला आणि असा प्रकार एकदा जरी घडला तरी ते औषध पुन्हा घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. बाईंना सुचवलेली मात्रा ५ च आहे, तेव्हा घाबरवण्याचा हेतू नाही. घेण्याचे ठरलेच तर पुढे सात-आठ तास अंथरुणात काढता येणार असतील तेव्हाच, आणि जेवणावर लगेच न घेता, अंथरुणाला टेकतानाच घ्यावी. भरल्या पोटी तिचा परिणाम उशिरा होतो, मग ‘लागू पडली नाही’ म्हणून माणूस दुसरी घेतो.

उत्तर : अकरा वर्षांचा अनुभवी

मी नायट्राझेपाम ५ मिलिग्रॅम गेली अकरा वर्षे घेतो, वय ६८, प्रकृती ठणठणीत. सगळे जण गोळी सोडण्याच्या मागे का लागतात हे मला उमजत नाही. झोपेवाचून तळमळण्यापेक्षा गोळी घेऊन झोपलेले काय वाईट? रक्तदाबाची गोळी जन्मभर चालते, तशी ही.

उत्तर : एमडी मेडिसिन, जुनी इंदूर

आपला प्रश्न रास्त आहे आणि तो मला दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. रक्तदाबाच्या गोळीने पक्षाघात टळतो, हे मोजून दाखवता येते. झोपेच्या गोळीचे माप साठीनंतर वेगळे पडते. साठीपुढील लोकांवरील २४ चाचण्यांचा आढावा २००५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यानुसार गोळी घेणाऱ्या तेरा जणांमागे एकाची झोप औषधामुळे सुधारते आणि सहा जणांमागे एकाला औषधामुळे काही ना काही अपाय होतो. नायट्राझेपामचा अंमल दुसऱ्या दिवशीही पुष्कळ उरतो. वृद्धांसाठी टाळायच्या औषधांच्या अमेरिकी यादीत ते ज्यातले आहे तो बेन्झोडायझेपिनांचा अख्खा गट आणि झोल्पिडेमचे भाऊबंद आहेत.

शिवाय सोडणे वाटते तितके अशक्य नाही. कॅनडातील क्वेबेकमध्ये वर्षानुवर्षे या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना औषधाच्या दुकानांमार्फत फक्त एक माहितीपुस्तिका आणि मात्रा हळूहळू उतरवण्याचे वेळापत्रक दिले गेले. सहा महिन्यांनी त्यांच्यातील २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण बंद केली होती, तर पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. तो अहवाल २०१४ चा आहे. आपण पडत नाही, गाडी चालवत नाही आणि मद्य घेत नाही, असे असेल तर उद्याच सोडा असा आग्रह मी धरणार नाही. वर्षातून एकदा हा विषय आपल्या डॉक्टरांकडे काढावा, एवढेच म्हणेन.

उत्तर : राजेंद्रनगरचा निवृत्त अभियंता

मी क्लोनाझेपाम ०.५ सहा वर्षे घेऊन गेल्या वर्षी सोडली. गोळी उतरवण्याआधी झोपेची वर्तनोपचार पद्धत शिकलो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळीच्याही आधी हाच उपचार करावा असे म्हटले आहे, पण त्यासाठी रोज कष्ट पडतात, हे कोणी आधी सांगत नाही.

दोन आठवडे वही ठेवली. मी अंथरुणात नऊ तास असे आणि झोप साडेपाच तासांची. समुपदेशकांनी सांगितले की अंथरुण साडेपाच तासांपुरतेच वापरायचे : रात्री साडेबाराला पाठ टेकायची, सकाळी सहाला उठायचेच, मग झोप लागलेली असो वा नसो. आणि मध्ये जाग येऊन वीसेक मिनिटे लोटली की खोलीबाहेर यायचे. पहिले दहा दिवस भयंकर होते. साडेदहालाच पापण्या मिटायच्या, म्हणून मी व्हरांड्यात उभ्याने जुने रेडिओ दुरुस्त करत असे आणि सोल्डरिंगचा चटका दोनदा खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग पाच तास झोप लागली. मग अंथरुणातला वेळ दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेला. गोळी त्यानंतर उतरवायला घेतली, तिला साडेचार महिने लागले. मध्ये एकदा मुलीच्या लग्नाच्या गडबडीत एक टप्पा लांबवला, मागे मात्र फिरलो नाही.

फेफरे किंवा उन्माद-नैराश्याचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रात्री वाहन चालवणाऱ्यांनी हे मनाने करू नये. पाच तासांच्या खाली कोणीच जाऊ नये.

प्रश्नकर्त्या : सुदामानगरच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. ही चर्चा कागदावर उतरवून डॉक्टरांकडे नेली आणि त्यांनी ती शांतपणे वाचली. लघवीच्या औषधाची गोळी आता सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची आहे. ट्रॅमाडोल बंद करून गुडघ्याला लावायचे मलम दिले आहे. झोल्पिडेम तूर्त सुरू करायची नाही. यजमानांच्या मते मी घोरत नाही, पण त्यांची स्वतःची झोप इतकी गाढ आहे की डॉक्टरांनी ही साक्ष ग्राह्य धरली नाही. ते काम आता सुनेकडे दिले आहे.

अल्प्राझोलाम ०.५ वरून आधी ०.३७५ वर आणायची आहे, म्हणजे ०.२५ ची एक आणि तिचीच अर्धी. तीन आठवड्यांनी पुढचा टप्पा ठरेल. आज नववा दिवस. लघवीसाठी उठणे आठवड्यात दोनदाच झाले, जाग मात्र अजून तीनच्या आसपास येते. घड्याळ दिवाणखान्यात हलवले आहे, तरी टोले ऐकू येतातच.

एक बारीक शंका राहिली. विळीवर गोळी अर्धी करताना ती कधी कधी पाऊण-पाव अशी तुटते. राहिलेला तुकडा दुसऱ्या दिवशी वापरावा की टाकून द्यावा?

उत्तर : औषधांच्या काउंटरवरून

दुसऱ्या दिवशी वापरावा, परंतु रोजची एकच गोळी तोडावी, आठवड्याच्या आधीच तोडून ठेवू नयेत, कारण उघड्या कडेला दमट हवा लागते. विळी नको. गोळ्या कापण्याची लहानशी प्लास्टिकची डबी मिळते, मध्ये पाते असते आणि गोळीवरची खाच त्या पात्याखाली धरायची. स्ट्रिप घेताना आधी खाच आहे ना ते पाहून घ्या, सगळ्या कंपन्यांच्या गोळीवर ती नसते.